शिट्टी वाजवण्याआधी : प्रशिक्षण शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या टपालात विद्यापीठात क्रीडा-प्रशिक्षण आणि शारीरिक शिक्षण शिकणाऱ्यांची पत्रं जास्त होती. बहुतेकांची अडचण एकाच वळणाची : स्वतःला खेळ येतो, पण वीस-पंचवीस जणांसमोर उभं राहिल्यावर तास हातातून निसटतो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गमित्रांवरच घ्यायच्या सराव पाठात बास्केटबॉलचा ले-अप (धावत येऊन दोन पावलं टाकत रिंगजवळून मारायचा शॉट) शिकवला. समजावून सांगितलं, प्रात्यक्षिक दिलं, सगळं नीट झालं असं वाटलं. निरीक्षकांचा शेरा मात्र एका ओळीचा : ‘विद्यार्थी बहुतांश वेळ उभे.’ वीस जणांना एकाच वेळी काम कसं द्यायचं?

उत्तर : शेरा रास्त आहे, आणि तो कुठून आला ते साध्या हिशेबात दिसतं. दोन रिंग, प्रत्येकीसमोर दहा जणांची रांग. एकाने धावत जाऊन शॉट मारायचा, चेंडू परत आणून पुढच्याला द्यायचा, यात 12 सेकंद जातात. म्हणजे प्रत्येकाची पाळी 120 सेकंदांनी येते. 15 मिनिटांत सात पाळ्या. सात ले-अपमध्ये कुणाचीही दोन पावलांची लय बसत नाही, आणि उरलेली तेरा-साडेतेरा मिनिटं तो पुढच्याची पाठ बघतो.

पहिली दुरुस्ती चेंडूंची. एका रिंगला तीन चेंडू ठेवा आणि पुढच्याचा शॉट मारून झाला की लगेच आपण निघायचं, चेंडू परत येण्याची वाट बघायची नाही, असा नियम करा. परतीचा रस्ता बाहेरच्या बाजूने शंकू लावून आखून द्या, नाहीतर येणारा आणि जाणारा एकमेकांवर आदळतात. आता दोन पाळ्यांतलं अंतर 6 सेकंदांवर येतं, चक्र 60 सेकंदांचं होतं आणि तेवढ्याच वेळात पंधरा पाळ्या मिळतात.

उभं राहणं तरीही संपलेलं नाही. म्हणून दहाचे पाच-पाच करा. पाच जण रिंगवर. बाकीचे पाच बाजूच्या रेषेवर पावलांचा सराव करतील : एक ड्रिबल, चेंडू हातात, दोन पावलं, गुडघा वर, भिंतीवर किंवा जोडीदाराच्या उंच हाताकडे शॉट. साडेसात मिनिटांनी अदलाबदल. रिंगवर आता चक्र 30 सेकंदांचं, त्यामुळे साडेसात मिनिटांतही पाळ्या पंधराच. रिंगवरची पाळी एकानेही वाढली नाही, पण रांगेत गेलेली मिनिटं पावलांच्या सरावाला मिळाली.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, शिकवणारा रिंगपाशी अडकतो आणि बाजूच्या रेषेवरचा गट गप्पा मारतो. अशा जागी उभे राहा की मान न वळवता दोन्ही गट दिसतील. दोन, बोलणं लांबतं. एका वेळी 30-40 सेकंदांपलीकडे बोलू नका. जास्त सांगायचं असेल तर काम सुरू करून द्या आणि दुसऱ्या थांब्याला सांगा.

पुढच्या पाठाला मित्राला कागद-पेन्सिल देऊन बाजूला बसवा. त्याने मधल्या कुवतीचा एक विद्यार्थी निवडायचा, सगळ्यात चुणचुणीत नाही, आणि दर 10 सेकंदांनी एक खूण करायची : सराव करतोय, ऐकतोय, जागा बदलतोय की वाट बघतोय. पंधरा मिनिटांत 90 खुणा होतात. ‘वाट बघतोय’च्या रकान्यात 30 पेक्षा जास्त खुणा पडल्या, तर पाठाची मांडणी बदला.

प्रश्न : फुटबॉल सोडून मी दुसरा सांघिक खेळ खेळलेली नाही. अभ्यासक्रमात हँडबॉल आणि व्हॉलीबॉलही शिकवायचे आहेत. स्वतःला न येणारा खेळ शिकवायचा कसा?

उत्तर : दोन्ही खेळ तुम्हाला सारखेच परके नाहीत. फुटबॉल, हँडबॉल, हॉकी, बास्केटबॉल ही प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसण्याच्या खेळांची एक जात आहे. चेंडूवाल्याला आधार देणं, मैदान रुंद करणं, बचावाला मागे खेचणं, चेंडू गेल्या क्षणी आक्रमकाचं बचावपटू होणं हे या सगळ्यांत सामाईक. हँडबॉलला तुम्ही अर्ध्या वाटेवरून सुरुवात करता.

अडखळण्याच्या जागा माहीत हव्यात. हँडबॉलचं मैदान 40 बाय 20 मीटर. गोलसमोरच्या 6 मीटरच्या क्षेत्रात गोलरक्षकाशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही, आणि चेंडू हातात असताना तीन पावलं, तीन सेकंद एवढीच मुभा. फुटबॉल खेळणारे इथे ठरावीक चुका करतात. चेंडू गेला की जागेवरच झडप घालायला धावतात, तोवर प्रतिस्पर्धी मोकळ्या मैदानातून निघून जातात. हँडबॉलमध्ये बहुतेक वेळा आधी आपल्या 6 मीटरच्या रेषेवर परतून भिंत उभी करायची असते. दुसरी चूक उभ्या-उभ्या पास घेण्याची. हँडबॉलचा आक्रमक पळतापळता चेंडू घेतो, कारण तीन पावलांची मुभा वेगात असतानाच कामाला येते.

व्हॉलीबॉलची जात वेगळी. चेंडू धरता येत नाही, त्यामुळे ‘आधी थांबवू, मग बघू’ ही सवय निरुपयोगी ठरते. कुठे पाठवायचा ते चेंडू येण्याआधीच ठरलेलं लागतं. नवशिक्यांच्या तासात खरी पंचाईत ही की रॅलीच, म्हणजे चेंडूची सलग जा-ये, होत नाही. सर्व्हिस नेटमध्ये, पुढची सर्व्हिस बाहेर, आणि बारा जण चेंडू आणायला जातात. पूर्ण 18 बाय 9 मीटरच्या मैदानावर सहा विरुद्ध सहाने सुरुवात करूच नका. एकास एक, प्रत्येकाला 3 मीटर रुंद आणि 4 मीटर खोल हद्द, नेट किंवा दोरी डोक्यापेक्षा जेमतेम वर. (2.43 आणि 2.24 मीटर या पुरुषांच्या आणि महिलांच्या सामन्यातल्या उंच्या आहेत. पहिल्या महिन्यात त्यांचं काही काम नाही.) सर्व्हिसऐवजी खालून फेक. पहिला स्पर्श झेलून स्वतःसाठी उडवायला परवानगी, दुसरा मात्र ओव्हरहेड पासनेच (डोक्यावरून, बोटांनी) पलीकडे. पाच-सहा वेळा चेंडू जाऊ-येऊ लागला की झेलण्याची सवलत काढा. मग दोनास दोन, बॅडमिंटनच्या कोर्टाएवढ्या जागेत.

प्रात्यक्षिकाची भीती बाळगू नका. वर्गात ज्याला जमतं त्याला पुढे बोलवा. तुमचं काम नजर कुठे ठेवायची ते सांगणं : ‘फक्त पाय बघा, चेंडूकडे बघू नका.’ मग त्याने दोनदा बाजूने आणि एकदा पाठमोरं करून दाखवायचं, आणि त्या वेळात तुम्ही गप्प राहायचं. बघणं आणि ऐकणं एकदम लादलं की दोन्हीतलं अर्धंच पोचतं.

आणि पंचगिरी करा. अनोळखी खेळ आतून कळायला याहून जवळचा रस्ता नाही. नियमांचं पुस्तक नुसतं वाचून पावलं आणि सेकंद डोळ्यांत बसत नाहीत. वर्गातल्या सामन्यांत शिट्टी हातात घेतली की आठवड्याभरात बसतात.

प्रश्न : आमच्याकडे दोन प्राध्यापकांची दोन मतं. एक म्हणतात, आधी तंत्र पक्कं करा, मग खेळ. दुसरे म्हणतात, खेळातूनच शिकवा. परीक्षेत आणि मैदानावर कुणाचं ऐकायचं?

उत्तर : परीक्षेपुरतं आधी सांगतो. खेळातून शिकवण्याची मांडणी इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी 1982 साली केली. त्यांची तक्रार अशी की ड्रिलमध्ये (एकच हालचाल घोटवण्याच्या सरावात) तंत्र शिकलेली मुलं खेळात ते कधी वापरायचं हे जाणत नाहीत. त्यांच्या आराखड्यात क्रम असा : सोपा केलेला खेळ, त्या खेळाची जाण, डावपेचांचं भान, काय आणि कसं करायचं हा निर्णय, मग कौशल्य, आणि शेवटी प्रत्यक्ष कामगिरी. कौशल्य त्यात आहेच, फक्त त्याची गरज खेळणाऱ्याला आधी जाणवलेली असते. ‘खेळातून शिकवा’ याचा अर्थ ‘चेंडू द्या आणि बाजूला बसा’ असा काढणारे पुष्कळ आहेत आणि ते पद्धतीची बदनामी करतात.

आता मैदानावर. समजा फुटबॉल किंवा हॉकीच्या गटात सगळे चेंडूभोवती गोळा होतात आणि खेळाची बाजू बदलत नाही. 30 मीटर लांब, 20 मीटर रुंद जागा आखा. प्रत्येक टोकाला एका मोठ्या गोलऐवजी दोन छोटे गोल, 2-2 मीटरचे, दोन्ही कोपऱ्यांजवळ. चारास चार, गोलरक्षक नाही. चार मिनिटं काहीही न सांगता खेळू द्या. बचावपटू चेंडूच्या बाजूला झुकतील आणि लांबचा गोल उघडा पडेल, कारण खेळाची रचनाच तसं घडवते.

थांबवा आणि एकच प्रश्न विचारा : ‘चेंडू उजवीकडे अडकला होता, तेव्हा डावा गोल कोण राखत होतं?’ उत्तर आलं की ‘मग?’ एवढंच. व्याख्यान नको. परत चार मिनिटं.

या दुसऱ्या डावात तुमच्या कामाची गोष्ट दिसेल. चेंडू लांबच्या गोलकडे न्यायचा हे आता सगळ्यांना कळलं आहे, पण मधल्या खेळाडूकडे पोचला की तो तिथेच मरतो. नीट बघा : चेंडू घेताना त्याचे खांदे चेंडू आला त्या बाजूलाच वळलेले आहेत, पाठ मोकळ्या बाजूला आहे, आणि चेंडू जवळच्या पायाने अडवला आहे. वळायला त्याला तीन स्पर्श लागतात, तोवर बचाव सरकून येतो. इथे तंत्राची वेळ आली. तिघे एका ओळीत, 8-8 मीटरवर. मधल्याने चेंडू येण्याआधी एकदा मागे बघायचं, अंग अर्धं उघडं ठेवायचं, चेंडू लांबच्या पायाने घ्यायचा आणि दुसऱ्याच स्पर्शात पलीकडे द्यायचा. (हॉकीत पायाऐवजी स्टिक, अंग उघडण्याची गोष्ट तीच.) दर मिनिटाला मधला बदला. सहा मिनिटं पुरतात. मग तोच खेळ, आठ मिनिटं.

बिघाड कुठे होतो? दोन गोल एकमेकांना खेटून लावले तर एकच बचावपटू दोन्ही राखतो आणि बाजू बदलण्याची गरजच उरत नाही; दोन्हींत किमान 12-14 मीटर अंतर हवं. हात कच्चे असलेल्या गटात चारास चार जड जातं, तेव्हा चारास तीन करा. आणि खेळ चालत नाही म्हणून एकाच थांब्याला जागाही मोठी केली, स्पर्शही मर्यादित केले, गोलही हलवले, तर कशामुळे फरक पडला ते तुम्हालाच कळणार नाही. एका वेळी एकच बदल.

पहिल्या प्राध्यापकांचंही ऐकायची ठिकाणं आहेत. रग्बीचा टॅकल, कबड्डीतली पकड : जिथे तंत्र चुकलं तर मान किंवा गुडघा जातो, तिथे आधी तंत्र, कमी वेगात, जोडीने, मॅटवर किंवा मऊ जमिनीवर, आणि मगच खेळ. मात्र पासिंगसारख्या कौशल्याला आधी तीन आठवडे रांगा लावणं हा केवळ वेळेचा अपव्यय आहे.

प्रश्न : चुका दुरुस्त करताना मी सतत बोलत असतो. मुलांना ते आवडतं, त्याच तासात सुधारणाही दिसते. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. असं का होतं?

उत्तर : सतत मिळणारी सूचना कुबडीसारखी वापरली जाते. सॅलमोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी 1984 मध्ये हीच बाब मांडली : प्रत्येक प्रयत्नानंतर माहिती मिळाली की सरावातली कामगिरी सुधारते, पण शिकणारा स्वतःच्या हालचालीचा अंदाज घेणं सोडतो, आणि माहिती थांबली की गडगडतो.

उपाय म्हणून मौनव्रत घेऊ नका, हद्द ठरवा. उदाहरणार्थ, व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसला : चेंडू मैदानात मागच्या 3 मीटरमध्ये पडला तर काही बोलायचं नाही, सलग तीन चुकल्या तरच एक सूचना. बोलण्याआधी विचारा, ‘चेंडू कुठे लागला हाताला?’ त्याला सांगता आलं तर तुमची अर्धी सूचना वाचली.

सूचनेचे शब्दही बदलून बघा. संशोधक गॅब्रिएल वुल्फ यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे की लक्ष शरीराच्या भागावर नेण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर नेलं तर हालचाल मोकळी होते. ‘मनगट वाकव, कोपर आत घे’ याऐवजी ‘चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवरून उंच जाऊन आत पडू दे’. ‘घोटा घट्ट ठेव’ऐवजी ‘चेंडू गवतावरून घसरत जाऊ दे’. पाठाच्या टाचणात तुमच्या नेहमीच्या पाच सूचना लिहा आणि प्रत्येकीतला अवयव काढून टाका. पहिल्यांदा हे काम किचकट वाटतं.

पाटी कोरी होण्याचं दुसरं कारण सरावाच्या क्रमात असू शकतं. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवलं की तीन हालचाली एकामागून एक, आधी पहिलीचे सगळे प्रयत्न मग दुसरीचे, अशा सरावात त्या वेळी प्रगती झपाट्याने दिसते. मिसळून केलेला सराव त्या वेळी अडखळतो, पण नंतर जास्त टिकतो. तीस पास घ्यायचे असतील तर पहिल्या तासाला दहा-दहा-दहा ठीक. दुसऱ्या तासापासून छोटा, लांब, उसळता असे उलटसुलट घ्या. तास जरा विस्कळीत दिसेल, निरीक्षक भुवया उंचावतील. शिकणं झालं की नाही ते तासाच्या शेवटी तपासू नका. पुढच्या तासाच्या सुरुवातीला, काही न सांगता, पाच प्रयत्न देऊन तपासा.

प्रश्न : टाचण तयार करायला रात्र जाते आणि मैदानावर विसाव्या मिनिटाला सगळं कोलमडतं. शंकू उचल, बिब (संघ ओळखायचे रंगीत जॅकेट) बदल, परत गट पाड, यातच वेळ जातो.

उत्तर : बहुतेक टाचणांत तीन खेळ आणि तीन वेगवेगळ्या आखण्या असतात. आखणी एकच करा आणि तिच्यातून तिन्ही टप्पे काढा.

24 जणांसाठी ही मांडणी चालते. 20 मीटर रुंद आणि 30 मीटर लांब अशी दोन मैदानं शेजारी-शेजारी, मध्ये 3 मीटरची मोकळी पट्टी. प्रत्येक मैदानाचे चार कोपरे आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर एकेक, असे सहा, दोन्ही मिळून 12 शंकू. मध्यावरच्या शंकूंमुळे प्रत्येक मैदानाचे 20 बाय 15 मीटरचे दोन तुकडे होतात, एकूण चार. प्रत्येक तुकड्यात सहा जण, तिनास तीन. बिब दोनच रंगांचे, बारा आणि बारा, सुरुवातीलाच घातलेले. पुढचा टप्पा आला की ‘मधली रेषा विसरा’ एवढं सांगायचं : शेजारचे दोन तुकडे जोडले जातात, तिघे-तिघे मिळून सहास सहा होतात, रंग तेच राहतात आणि मधले शंकू आता मध्यरेषेचं काम करतात. एकही शंकू उचलायचा नाही, एकही बिब काढायचा नाही.

साठ मिनिटांचं वाटप साधारण असं धरा : चेंडूसह वॉर्म-अप 10, तिनास तीन 15, त्याच तुकड्यांत तंत्र 8, सहास सहा 20, शेवट 5. राहिलेली दोन मिनिटं पाण्यात जातात. चेंडू आठ तरी हवेत : चार खेळात आणि प्रत्येक तुकड्याच्या बाहेर एकेक राखीव, म्हणजे बाहेर गेलेल्या चेंडूमागे खेळ थांबत नाही.

टाचणात ‘मी काय सांगेन’ हा रकाना लहान करा आणि ‘मला काय दिसेल’ हा वाढवा. त्याच्या शेजारी दोन अरुंद रकाने : फार सोपं झालं तर काय बदलायचं, फार अवघड झालं तर काय. बदलायच्या गोष्टी चारच असतात, जागा, काम, साहित्य आणि माणसं. ‘फार अवघड : बचावपटू एक कमी’ एवढे तीन-चार शब्द लिहिलेले असले की विसाव्या मिनिटाला डोकं खाजवावं लागत नाही.

प्रश्न : एकाच गटात स्पर्धा खेळलेले आणि चेंडूला पहिल्यांदा हात लावणारे. चांगले खेळाडू बाकीच्यांना चेंडूच देत नाहीत. ‘सगळ्यांना पास झाल्याशिवाय गोल नाही’ असा नियम केला, तर वैताग वाढला.

उत्तर : वाढणारच. त्या नियमामुळे कुणाला पास व्हायचा राहिला आहे ते प्रतिस्पर्ध्यांना कळतं, सगळे त्याच्यावर तुटून पडतात, आणि कच्च्या खेळाडूला सगळ्यात वाईट क्षणी चेंडू मिळतो. वर त्याच्या नावावर गोल अडल्याचं खापर.

त्याऐवजी शिडी लावा. तिघा-तिघांचे संघ, ओळीने मैदानं, 4 मिनिटांचे डाव. जिंकणारा एक मैदान वर, हरणारा एक खाली, बरोबरी झाली तर शेवटचा गोल करणारा वर. तीन-चार डावांत सारखे सारख्यांसमोर येतात आणि तुम्हाला कुणालाही ‘कच्चा’ म्हणावं लागत नाही. संख्या विषम असेल तर एक जण ‘फिरता’ : चेंडू ज्या संघाकडे, त्याच्या बाजूने तो खेळणार. इथे चांगला खेळाडू ठेवा, पण दोनच स्पर्शांची अट घालून. त्याला आपोआप पास शोधावा लागतो.

वैयक्तिक कौशल्याच्या वेळी मस्का मॉस्टन यांची तिरप्या दोरीची कल्पना वापरा. सरळ दोरी उंच करत नेली की एकेक जण बाद होत जातो. तिरपी धरली की प्रत्येक जण आपल्याला झेपेल त्या उंचीवरून उडी मारतो. मैदानावर तिचं रूप म्हणजे सर्व्हिससाठी नेटपासून 4, 6 आणि 9 मीटरवर तीन रेषा. रेषा ज्याची त्याने निवडायची, आणि पाचपैकी चार बरोबर पडल्या की मागे सरकायचं. शिकवण्याच्या शैलींचा पट मॉस्टन यांनी 1966 साली मांडला. तोंडी परीक्षेत तिरप्या दोरीची ही शैली उदाहरणासह सांगा, नुसतं नाव घेऊ नका.

प्रश्न : वॉर्म-अपमध्ये मैदानाला दोन चकरा आणि स्ट्रेचिंग एवढंच करतो. पुरेसं आहे का? आणि दुखापत झाल्यावर शिकाऊ प्रशिक्षकाने नेमकं काय करायचं?

उत्तर : दोन चकरांनी अंग तापतं, पण गुडघा आणि घोटा तयार होत नाहीत. फुटबॉलसाठी तयार झालेला ‘फिफा 11+’ हा कार्यक्रम बघा. त्यात 15 व्यायाम, तीन भाग : हळू धावण्याचे 8 मिनिटं, ताकद-उड्या-तोल यांचे 10 मिनिटं, वेगाने धावण्याचे आणि वळण्याचे 2 मिनिटं. आठवड्यातून किमान दोनदा करायचा असतो. सामन्याआधी मधला भाग गाळतात. इतर खेळांतही याचा सांगाडा चालतो. शिकवताना नजर एकाच ठिकाणी ठेवा : उडीवरून उतरताना गुडघा आत वळतो का. समोर उभं राहून बघितलं तरच ते दिसतं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, वाकलेला, आणि उतरण्याचा आवाज हलका. धपकन आवाज आला की पाय ताठ होते असं समजा.

दुखापतींपैकी एका बाबतीत तडजोड नाही. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखं, तोल गेल्यासारखं, डोळ्यांपुढे धुरकट दिसल्यासारखं काहीही झालं, तर खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. ‘आता बरं वाटतंय’ हे त्याचं म्हणणं ऐकून घ्या, मानू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी, मान दुखणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा यांपैकी काही असेल तर तातडीची वैद्यकीय मदत. मानेची शंका असेल तर त्याला हलवू नका. कडक उन्हात खेळाडू असंबद्ध बोलू लागला तर मदत बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका : आधी गार पाण्याने अंग थंड करा, नेणं नंतर. कोसळलेला खेळाडू प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर मदत मागवून छातीवर दाब सुरू, मिनिटाला 100 ते 120. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं) यंत्र मैदानाच्या जवळ कुठे आहे आणि त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, हे पहिल्या तासाआधी विचारून ठेवा. किल्लीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

प्रश्न : आवाज पोचत नाही. ओरडून घसा बसतो.

उत्तर : अंतर कमी करा, आवाज नको. सगळ्यांना अर्धवर्तुळात 4-5 मीटरच्या आत घ्या. सूर्य तुमच्या डोळ्यांवर, त्यांच्या पाठीवर. त्यांच्या नजरेसमोर दुसरा खेळ चालू नको. चेंडू पायाखाली किंवा जमिनीवर, नाहीतर तुमच्या प्रत्येक वाक्याला ड्रिबलची साथ मिळते. शिट्टीचा अर्थ एकच ठेवा : थांबा. सुरू करायला, बोलवायला, शाबासकीला आणि रागवायलाही तीच वाजवली की पंधराव्या मिनिटापासून कुणी थांबत नाही.

प्रश्न : प्रत्येक पाठानंतर आत्मपरीक्षण लिहायचं असतं. ‘वेळेचं नियोजन सुधारायला हवं’ हेच दर वेळी लिहिलं जातं. नवीन काय लिहू?

उत्तर : आठवणीतून लिहिता म्हणून तेच येतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि फोन खिशात ठेवा. चित्रीकरणाला खेळाडूंची, आणि ते अल्पवयीन असतील तर पालकांची, परवानगी लागते. घरी ऐकताना मोजा : तुम्ही एकूण किती मिनिटं बोललात, किती जणांना नावाने हाक मारली, किती प्रश्न विचारले आणि त्यांपैकी किती ‘हो-नाही’त संपले, ‘छान’ किती वेळा म्हणालात आणि त्यातल्या किती वेळा नेमकं काय छान ते सांगितलं. हे आकडे लिहा. त्याखाली पुढच्या पाठासाठी एकच बदल, मोजता येईल असा : ‘पहिलं समजावणं 90 सेकंदांवरून 40 वर आणणे.’ सगळे रकाने एकदम सुधारायला जाऊ नका. पहिल्या दोन पाठांत फक्त बोलण्याची मिनिटं बघा. प्रश्नांच्या प्रकारांकडे तिसऱ्या पाठापासून वळा.